खोल समुद्रातील प्रवाळ: आधी संरक्षण की पुनर्रोपण?

खोल समुद्रातील प्रवाळांसाठी मर्यादित निधी हाती असलेल्यांपुढे दोन मार्ग असतात: तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांना क्षेत्र बंद करणे, किंवा मोडलेल्या जागी नव्याने प्रवाळ लावणे.

लोफेलियासारखे शीतजल प्रवाळ सूर्यप्रकाशावर नव्हे, तर प्रवाहाबरोबर येणाऱ्या अन्नकणांवर जगतात आणि वर्षाला फार तर दोन-अडीच सेंटीमीटर वाढतात. त्यांची भित्ती उभी राहण्यास हजारो वर्षे लागतात आणि जाळ्याची एक फेरी ती उद्ध्वस्त करते. त्यामुळे शाबूत भित्तीपुरता निर्णय अवघड नाही. नॉर्वेने 1999 मध्ये सुला भित्तीवर ट्रॉलिंगला बंदी घातली आणि युरोपीय संघाने 2016 मध्ये 800 मीटरपेक्षा खोल पाण्यात तळ-ट्रॉलिंग थांबवले. मात्र बंदीला पहारा लागतो. फ्लोरिडाजवळील ऑक्युलिना बँक 1984 पासून संरक्षित असूनही तेथे चोरटे ट्रॉलिंग चालूच राहिले. बंदी पाळली गेली तरी मोडलेले परत येईलच असे नाही: टास्मानियाजवळच्या सागरी पर्वतांवर वर्षानुवर्षांनीही फारशी सुधारणा दिसली नाही, तर उत्तर प्रशांत महासागरातील काही पर्वतांवर तीन-चार दशकांनी पालवी फुटली.

पुनर्रोपणाचा खर्च खोलीबरोबर वाढतो, कारण शेकडो मीटर खाली जहाज आणि दूरनियंत्रित यंत्राखेरीज काम होत नाही. स्पेनच्या काप दे क्रेउसजवळील संशोधकांनी सुचवलेला उपाय म्हणूनच लक्षणीय वाटतो: जाळ्यांत अडकून आलेले पंख्यासारखे गॉर्गोनियन प्रवाळ दगडांवर चिकटवून त्यांनी ते थेट नावेतून सोडले, आणि वजन खाली असल्याने ते तळावर उभेच टेकले. हा मार्ग खंडमंचावरील, म्हणजे किनाऱ्यालगतच्या तुलनेने उथळ समुद्रतळावरील, गॉर्गोनियनांना मानवतो. कठीण सांगाड्याच्या भित्तीला तो पुरेसा नाही.

तापणाऱ्या समुद्रापुढे दोन्ही मार्ग अपुरे आहेत. मध्यम खोलीही सुरक्षित नाही. हिंदी महासागरात 2019 मध्ये 90 मीटरवर प्रवाळांचे विरंजन, म्हणजे रंग उडून पांढरे पडणे, आढळले. त्याहून खोल भित्तींचा बहुतांश भाग मृत सांगाड्याचा असतो आणि आम्ल होत जाणारे पाणी आधी तोच पोखरते, म्हणजे वरचे प्रवाळ जिवंत असतानाही पाया ढासळू शकतो. म्हणून संरक्षित क्षेत्र निवडताना आजच्या सौंदर्यापेक्षा पुढील दशकांतील पाण्याचे तापमान आणि रसायन पाहावे.

माझ्या मते निधीचा मोठा वाटा शाबूत भित्तींवरील ट्रॉलिंग-बंदीला आणि ट्रॉलरवरील उपग्रह-देखरेखीला द्यावा. उथळ खंडमंचावर मच्छीमारांच्या सहकार्याने पुनर्रोपण लगेच सुरू करता येईल. खोल भित्तींवर मात्र ट्रॉलिंग प्रत्यक्षात थांबल्याची खात्री होईपर्यंत ते हाती घेऊ नये.