आईचा डोळा आणि स्लिट लॅम्पची तपासणी
आईच्या डोळ्यात चार दिवस खुपत होतं, आधी एका ठिकाणी नुसता टॉर्च मारून ॲलर्जीचे ड्रॉप्स दिले, काडीचा फरक नाही. मग या छोट्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टर मॅडमनी स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायचं यंत्र) हनुवटी टेकवायला लावली, "काकू, कपाळ पट्टीला चिकटवून ठेवा" म्हणाल्या, मग केशरी डाय असलेली कागदी पट्टी डोळ्याला लावून निळा लाईट टाकला तर बुबुळावर उभ्या हिरव्या रेघा चमकल्या, स्क्रीनवर मलाही दाखवल्या. हे उघडझाप करताना घासून पडलेले ओरखडे, म्हणजे वरच्या पापणीच्या आत कण अडकलाय! पापणी उलटून कापसाच्या काडीने तिथेच काढला. मोतीबिंदूची सुरुवातही दिसली पण ऑपरेशनची घाई नको म्हणाल्या. वेटिंग दीड तास, खुर्च्या कमी, तरी इथेच जा.