अ‍ॅस्परागस म्हणून शतावरी लावली : माझ्यासारखं तुमचं होऊ नये म्हणून

जुन्नर भागात आमची टोमॅटो-कांद्याची शेती. गेल्या वर्षी मे महिन्यात एक माणूस बांधावर आला. मोबाइलवर अ‍ॅस्परागस या विदेशी भाजीच्या, पुण्या-मुंबईच्या हॉटेलांना जाणाऱ्या हिरव्या कोंबांचे फोटो दाखवले. "दादा, मृगाचा पाऊस पडला की लावा, तिसऱ्या महिन्यात तोडा सुरू. माल आम्हीच उचलणार." २० गुंठ्यांसाठी २,८०० रोपं घेतली, रोपाला ३२ रुपये. एकूण ८९,६०० रुपये. कांद्याच्या पट्टीचे जवळजवळ सगळे पैसे त्यात गेले.

रोपं काळ्या पिशव्यांत होती, पानं बडीशेपेसारखी नाजूक. ऑगस्टमध्ये एक वेल सुतळीने बांधताना बोटात काटा मोडला. बारीक, मागे वळलेला काटा. अ‍ॅस्परागसला काटा कशाला असेल? एक रोप उपटलं, तर मुळाशी पांढऱ्या, मधे फुगीर मुळ्यांचा झुपका. तो घेऊन कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी काटा पाहताच सांगितलं, "ही औषधी शतावरी आहे. भाजीचं पीक नाही."

रोपं विकणाऱ्या त्या माणसाला फोन केला तर उत्तर तयार होतं. बिलावर 'शतावरी रोपे' असंच लिहिलंय, अ‍ॅस्परागसला मराठीत शतावरीच म्हणतात, मग फसवलं कुठे? करारनाम्यातही तोच शब्द. त्यानंतर नंबर बंद.

खरं तर तो 'मृगाच्या पावसात लावा' म्हणाला, तेव्हाच त्याची लबाडी उघडी पडायला हवी होती. पावसाच्या सुरुवातीला लावतात ती औषधी शतावरी. भाजीच्या अ‍ॅस्परागसचा क्राउन, म्हणजे वर्षभर वाढवलेला मुळांचा गड्डा, झोपेत असताना लावायचा असतो. थंड देशांत कडाक्याच्या थंडीने वरचा पाला वाळतो, झाड मुळांत अन्न साठवून निजतं आणि वसंतात कोंब फेकतं. ज्या भागात हिवाळा सौम्य, तिथे, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात, क्राउन भर हिवाळ्यात लावतात. पेरूच्या किनाऱ्यावर तर थंडी अशी नाहीच, तिथे पाणी तोडून झाडाला विश्रांती देतात. आपल्याकडेही पाला आपोआप वाळत नाही, म्हणून हे पाणी तोडणं समजून घेतल्याशिवाय या पिकात पडू नका. आणि जून-जुलैच्या चिकणमातीत, पाणी साचलेल्या सरीत क्राउन कुजतो. विकणाऱ्याला एवढंच विचारा : "आमच्याकडे हे झाड झोपणार कधी?" जो खरोखर हे पीक करतो, त्याला उत्तर माहीत असतं.

तिसऱ्या महिन्यात तोडा ही तर शुद्ध थाप. क्राउन लावल्यावर पहिलं वर्ष कोंब तोडायचेच नाहीत, मुळं भरू द्यायची. दुसऱ्या वर्षी दोन-तीन आठवडे, पूर्ण तोडा तिसऱ्या वर्षापासून. नीट राखलेला वाफा पुढे दहा-पंधरा वर्षं चालतो, म्हणून चुकीचं रोप म्हणजे वर्षानुवर्षांचं रान अडकणं.

बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्या : भाजीचं ते अ‍ॅस्परागस ऑफिसिनॅलिस, औषधी शतावरी ती अ‍ॅस्परागस रेसमोसस. सोबत वाणाचं नावही. सौम्य हिवाळ्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढलेला यूसी १५७ हा वाण जुना आणि नावाजलेला आहे. विकणारा नाव लिहायला कचरला, तर तिथूनच परत फिरा.

शतावरीच्या मुळ्या विकल्या जातात, हे मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. पण दीड-दोन वर्षं थांबा, खणा, उकडा, सोला, वाळवा, आणि मग खरेदीदार शोधा. त्यासाठी मी रान दिलं नव्हतं. दोन ओळी ठेवल्या, बाकीच्या काढून कांदा लावला.

ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. बिल, करारनामा, त्याने पाठवलेले कोंबांचे फोटो आणि 'तिसऱ्या महिन्यात तोडा' म्हणणारा त्याचा आवाजातला मेसेज, सगळं जोडलंय. कुणाकडे अशी रोपं आली असतील तर पिशव्या आणि मेसेज टाकून देऊ नका, आणि पालवी हाताने चाचपून बघा. काटा लागला, तर उरलेले पैसे देऊ नका.