वाई-पाचगणी-प्रतापगड: रविवार टाळा, मेणवली चुकवू नका

पुण्याहून एका दिवसात होणाऱ्या घाटवाटांत माझं मत या रस्त्याला. वाईत ढोल्या गणपतीला हात जोडून सगळे थेट पसरणीचा घाट धरतात. तुम्ही आधी मेणवलीला वळा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथल्या छोट्या देवळीत वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलीय. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. सासूबाई पायरीवर टेकल्या त्या उठेचनात.

पाचगणीचं टेबललँड ठीक, पण घोडेवाले पिच्छा सोडत नाहीत. पुढे एका ठिकाणी रांग लावून स्ट्रॉबेरी-क्रीम घेतलं. उंच ग्लास, क्रीमच क्रीम, स्ट्रॉबेरी शोधावी लागली! त्यापेक्षा टपरीवरचं लिंबू-तिखट चोळलेलं कणीस कितीतरी सरस. महाबळेश्वरच्या बाजारात उतरलोच नाही.

खरी मजा आंबेनळी घाटात. वळणं अरुंद, गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा. प्रतापगडावर पिठलं-भाकरी आणि ठेचा झकास, दही मागून घ्या. भर पावसात मात्र जाऊ नका, दरडी कोसळतात.