कथा लिहून झाली. आता दाखवायची कुणाला, छापायची कुठे?

पाच-सहा कथा हातावेगळ्या झाल्या की नवा लेखक विचारतो, पुस्तक कसं काढायचं? या एका प्रश्नात दोन गरजा मिसळलेल्या असतात. कुणीतरी कथा नीट वाचून ती कुठे अडते ते सांगावं, ही एक. ती अनोळखी वाचकाच्या हातात पडावी, ही दुसरी. मराठीत आज जितक्या वाटा आहेत, त्यांतल्या बहुतेक यांपैकी एकच गरज भागवतात. दोन्ही भागवणारी वाट एखादीच. आणि एका वाटेवर पैसे जातात, पण पदरात दोन्हींपैकी काहीच पडत नाही. म्हणून आधी आपलं नेमकं काय अडलंय ते ओळखावं, मग वाट धरावी.

घरच्यांना कथा जरूर वाचायला द्या, पण अभिप्रायासाठी नको. त्यांना कथेत तुम्ही दिसता. 'ही सासू म्हणजे नक्की कोण?' इथेच त्यांचं वाचन अडकतं.

खरी तुलना करायची ती अ‍ॅपवरचे वाचक आणि समोर बसून ऐकणारा गट यांची. प्रतिलिपीसारख्या अ‍ॅपवर कथा भागाभागाने टाकता येते, पैसे लागत नाहीत आणि तासाभरात प्रतिसाद येऊ लागतात. गटाची बैठक महिन्यातून एकदा भरते, तुमची पाळी तीन महिन्यांनी येते आणि त्या दिवशी पाऊस असला तर सहाच माणसं असतात.

मी दोन्हीकडे एकच कथा दिली होती. तिची नायिका पिठाच्या गिरणीत जाते, गव्हाचा डबा देते, पीठ घेऊन घरी येते. चार ओळींचा प्रसंग. अ‍ॅपवर 'खूप छान', 'पुढचा भाग कधी?' असे प्रतिसाद आले, आणि त्या दिवशी मला त्यांनी मनापासून उभारी दिली. मग तीच कथा वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या आमच्या गटात वाचली. वाचून संपल्यावर खिडकीपाशी बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "तिच्या आधी गिरणीत काय चालू होतं?" मी म्हटलं, ज्वारी. "मग ज्वारीवर गहू कसा टाकू दिला तिने? बसली असती ती. गव्हावर गहू येईपर्यंत बाकावर बसून राहिली असती."

हे मला ठाऊक होतं. लहानपणी डबा घेऊन मीच तशी बसायचे, पिठाने पांढरा झालेला तो बाक मला आजही आठवतो. लिहिताना मात्र घाईत सुटलं. घरी येऊन मी नायिकेला त्या बाकावर बसवलं. शेजारी तिची जाऊ येऊन बसली. वाटणीपासून दोघींचं बोलणं बंद होतं. गिरणीच्या आवाजात तसंही काही ऐकू येत नाही, म्हणूनच बहुधा दोघी बोलल्या. कथा उभी राहिली ती तिथे.

अनोळखी वाचकाने आपलं लिहिणं आवडीने वाचणं याची किंमत मोठी आहे, आणि अ‍ॅपवर ते मिळतं. भागागणिक वाचनसंख्या दिसत असल्याने वाचक कितव्या भागाला गळाले तेही कळतं. लांबत जाणारी कौटुंबिक कथा, रहस्यकथा किंवा भयकथा लिहिणाऱ्याला, आणि रोज लिहायची शिस्त लावून घ्यायची असेल त्याला, हे फार उपयोगी पडतं. पण वाचक का गळाले हे सांगायला तिथे कुणी थांबत नाही. ते गटात कळतं. तेही गट ऐकून घेणारा असेल तरच. एकमेकांचं कौतुक करून चहा पिणाऱ्या गटात वर्षं वाया जातात. पारख सोपी आहे. पहिल्या बैठकीत कुणी एखादं वाक्य, एखादा प्रसंग बोट ठेवून दाखवतो का, एवढं बघा.

एक धोका आधीच सांगते. दिवाळी अंक आणि कथास्पर्धा बहुतेक वेळा अप्रकाशित कथा मागतात, आणि अ‍ॅपवर टाकलेली कथा प्रकाशित धरली जाते. माझी गिरणीची कथा दोन स्पर्धांतून याच कारणाने बाद झाली. जी कथा छापील अंकाकडे पाठवायची आहे, ती आधी अ‍ॅपवर टाकू नका.

दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेत तंत्र कळतं, पण तुमच्या स्वतःच्या कथेच्या वाट्याला फार तर दहा मिनिटं येतात. सहभागींच्या कथा आधी मागवून, वाचून घेणारी कार्यशाळा असेल तर जावं. तिथे भेटलेल्या दोन-तीन माणसांतून पुढे गट तयार होतो, हा मोठा फायदा. मोबदला देऊन संपादन करून घेणार असाल, तर आधी दहा पानं देऊन नमुना मागा. ऱ्हस्व-दीर्घ सुधारून आलं तर ते मुद्रितशोधन झालं. संपादन म्हणजे 'हे पात्र तिसऱ्या प्रसंगात आणायची गरज आहे का' असं विचारणं. दोन्ही कामं लागतात, पण एकाचे पैसे देऊन दुसऱ्याची अपेक्षा धरू नये.

दोन्ही गरजा एकत्र भागवणारी वाट म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं हे हक्काचं घर आहे. पूर्वी मासिकं बारा महिने हे काम करायची. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन नव्या लेखकांना लांब पत्रं लिहीत, दुरुस्त्या सुचवत, कथा पुन्हा लिहून मागवत. 1982मध्ये 'सत्यकथा' बंद झालं. तसा रोजचा धाक आणि जिव्हाळा आता कमी ठिकाणी उरलाय, पण चांगल्या दिवाळी अंकांचे संपादक आजही हातात पेन्सिल घेऊन वाचतात. गिरणीच्या बाकावर सुचलेल्या त्या दोन जावांवर मी पुढे वेगळी कथा लिहिली. ती पाठवली तेव्हा संपादकांनी फोनवर एवढंच सांगितलं, "दिराचं पत्र दोनदा येतं. एकदाच येऊ दे, आणि दुसऱ्यांदा यायचं तेव्हा येऊ दे." मी पहिलं पत्र काढलं. पाच हजार शब्दांची कथा चार हजारांवर आली आणि छापली गेली.

पाठवताना वेळ पाळा. अंक दिवाळीत येत असला तरी त्याचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं. गणपतीत पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी तिला जागा नसते. त्या संपादकांचे मागचे दोन अंक वाचा, कारण ग्रामीण कथेला चार पानं देणारा अंक वेगळा आणि विनोदी कथांचा वेगळा. एकाच वेळी एकच कथा चार अंकांना पाठवणं चुकीचं मानलं जातं, आणि ते योग्यच आहे. मानधन बऱ्याच ठिकाणी अल्प असतं, काही ठिकाणी नसतंच. नकाराचं पत्रही सहसा येत नाही. अंक हातात पडला आणि आपलं नाव नसलं की समजायचं. हे सोसायला जड जातं.

पुस्तकाकडे वळलं की निवड तीन वाटांत असते.

प्रकाशक स्वतःच्या खर्चाने काढतो, ती पहिली. तो संहिता वाचून घेतो, निवडतो, संपादन करतो, मुखपृष्ठ करून घेतो, पुस्तक विक्रेत्यांकडे आणि ग्रंथालयांकडे पोचवतो आणि तुम्हाला विक्रीवर मानधन देतो. इथे उत्तराला सहा महिने सहज लागतात. नव्या लेखकाच्या कथासंग्रहाला होकार मिळणं कादंबरीपेक्षा अवघड, आणि पहिली आवृत्ती पाचशे-हजाराच्या घरातली. पण दिवाळी अंकांत चार-पाच कथा आल्या असतील तर संपादकाने तुमचं नाव आधीच वाचलेलं असतं. दिवाळी अंकाचा मी इतका आग्रह धरते तो याचसाठी.

दुसरी वाट लेखकाच्या पैशांची. माझ्या एका मैत्रिणीने पाचशे प्रतींचे पैसे आगाऊ भरले. संपादनाचं आश्वासन होतं; प्रत्यक्षात तिची संहिता होती तशीच छापली गेली, तिने स्वतः केलेल्या टंकनाच्या चुकांसकट. प्रकाशन समारंभ झाला, फोटो आले. नंतर चारशे प्रती खोक्यांतून घरी आल्या आणि दिवाणाखाली गेल्या. तिचं लिखाण चांगलं आहे, म्हणून मला याचा राग येतो. कुणी संपादनही करणार नसेल आणि विक्रीही करणार नसेल, तर ते छपाईचं काम आहे. त्याला छपाईचाच दर द्यावा.

त्यापेक्षा तिसरी वाट बरी. स्वतः प्रकाशक व्हायचं. भारतात पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची जगभर ओळख पटवणारा क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. संपादक आणि मुखपृष्ठकार तुम्हीच नेमता. मागणीनुसार छपाई केली तर शंभर प्रतीही काढता येतात, म्हणजे दिवाण मोकळा राहतो. अडचण वितरणाची. विक्रेत्याला भरपूर सवलत द्यावी लागते आणि अनोळखी नावाचं पुस्तक तो दर्शनी ठेवत नाही. मोठा गोतावळा असलेल्याला, व्याख्यानं-अभिवाचनं करणाऱ्याला ही वाट जमते. भिडस्त माणसाला जमत नाही.

या तिन्हींबरोबर एक आधार आहे, तो अनेकांना ठाऊक नसतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्यावहिल्या पुस्तकासाठी आहे. संहिता तज्ज्ञांकडून तपासली जाते आणि निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. वेळ लागतो, पण खिशाला झळ बसत नाही. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही कादंबरी आणि लघुकथा यांच्या प्रथम प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार आहेत.

कुठल्याही वाटेने गेलात तरी करार लेखी करा आणि दोन रकाने रिकामे सोडू नका : मुदत आणि प्रदेश. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ऑडिओ, ई-पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क एका ओळीत 'सर्व हक्क' म्हणून देऊन टाकू नका. प्रत्येकाची ओळ वेगळी लिहून घ्या.

कादंबरीचं थोडं वेगळं आहे. तीनशे पानं गटात वाचता येत नाहीत आणि एखादं प्रकरण वाचून गटाने दिलेला अभिप्राय दिशाभूल करू शकतो. कादंबरीसाठी दोनच वाचक शोधा, एक लिहिणारा आणि एक निव्वळ वाचणारा. दोघांना संपूर्ण संहिता कागदावर छापून द्या, समासात जागा सोडून. महिनाभर विचारू नका.

माझ्या मैत्रिणीने आता कादंबरी लिहायला घेतली आहे. तिचा निव्वळ वाचणारा वाचक म्हणून तिने आमच्या गटातल्या त्याच खिडकीपाशी बसणाऱ्या काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "देते वाचून. पण डोळ्यांचं ऑपरेशन आहे, जरा मोठ्या अक्षरात काढ."