पेनसिल्व्हेनियातल्या कॅथलिक कॉलेजात नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण: दीड वर्षानंतरचा अनुभव

फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः निदान करून औषध लिहून देणारी नर्स, व्हायचं तर प्रवेश कुठे घ्यावा, असं इथल्या मराठी नर्स मला अधूनमधून विचारतात. त्यांच्या यादीत मोठी सरकारी विद्यापीठं असतात, नाहीतर पूर्ण ऑनलाइन चालणारे कोर्स. कॅथलिक नन्सच्या संघाने काढलेलं छोटं लिबरल आर्ट्स (तत्त्वज्ञान, साहित्य, विज्ञान असे सगळे विषय शिकवणारं) कॉलेज त्या यादीत जवळजवळ कधीच नसतं. मी अशाच एका कॉलेजात, हॉस्पिटलातल्या टेलिमेट्री फ्लोअरवरची (जिथे रुग्णांच्या हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवतात) नोकरी सांभाळून, अर्धवेळ मास्टर्स करते आहे. दीड वर्ष झालं, म्हणून सविस्तर लिहिते. तिथल्या माणसांची ओळख उघड होऊ नये म्हणून कॉलेजचं नाव देत नाही.

माझं मत आधीच सांगते. शिकवणं उत्तम. क्लिनिकलच्या, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण तपासत शिकण्याच्या, जागा मिळवून देण्यात कॉलेज कमी पडतं. आणि पैशांचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

हे कॉलेज सिस्टर्स ऑफ मर्सी या संघाचं. कॅथरीन मॅकॉली या बाईंनी १८३१ मध्ये डब्लिनला हा संघ काढला. मठाच्या भिंतीआड न राहता या बायका गरिबांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करत. १८४३ मध्ये त्यांची पहिली तुकडी अमेरिकेत, पिट्सबर्गला आली आणि १८४७ मध्ये तिने तिथे हॉस्पिटल सुरू केलं. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासोबतही मर्सी संघाच्या सिस्टर होत्या. हे सगळं ओरिएंटेशनमध्ये सांगतात, तेव्हा ते कौतुकाचं भाषण वाटतं. नंतर कळतं की अभ्यासक्रमाची बांधणीच त्यावर आहे: रुग्ण कुठून आला, घरी गेल्यावर त्याच्याकडे कोण बघणार, औषध त्याला परवडेल का, हे प्रश्न प्रत्येक केसमध्ये सोडवावे लागतात. ते सुटले नाहीत तर गुण जातात.

पहिलं वर्ष ‘थ्री पी’चं, म्हणजे पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं), फार्माकॉलॉजी (औषधं) आणि फिजिकल असेसमेंट (शारीरिक तपासणी). हे तिन्ही कोणत्याही कॉलेजात करावेच लागतात, पण इथली तुकडी लहान आहे आणि शिकवणाऱ्या बहुतेक जणी आठवड्यातले काही दिवस स्वतः क्लिनिकमध्ये रुग्ण तपासतात. त्यामुळे पुस्तकातला रुग्ण आणि खरा रुग्ण यांतलं अंतर त्यांना माहीत असतं. धाप लागलेल्या माणसाची केस दिली की आम्ही शक्य ती सगळी निदानं भराभर लिहायचो. मॅडम थांबवून विचारायच्या, यातलं कोणतं निदान नजरेतून सुटलं तर हा माणूस सकाळपर्यंत जगणार नाही? आधी ते बाजूला काढायचं, मग बाकीच्यांचा विचार.

महाराष्ट्रात शिकलेल्या नर्सला हा बदल मोठा आहे. आपल्याकडे हातचं काम पक्कं होतं: शिरेत सुई लावणं, ड्रेसिंग, एका वॉर्डात रुग्णांची गर्दी सांभाळणं, यात आपण इथल्या कुणाच्याही मागे राहत नाही. पण निदान करणं आणि ते कारणांसह समोर मांडणं आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. मोठ्या डॉक्टरांसमोर मान खाली घालून ‘हो सर’ म्हणायची सवय असते. इथे नट रुग्ण बनून येतात, त्यांची तपासणी करून लगेच परीक्षकासमोर आपलं निदान मांडावं लागतं आणि परीक्षक मुद्दाम उलट बाजू घेतात. पहिल्या सेमिस्टरमध्ये माझी प्रत्येक नोंद लाल शाईने भरून परत येई. एवढं बारकाईने कुणी आपलं लिखाण वाचतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. ऑनलाइन कोर्स करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना अशी टिपणं मिळत नाहीत.

आता ज्या विषयासाठी मी हे कॉलेज पुन्हा निवडेन, त्याबद्दल. तो म्हणजे नीतिशास्त्र. बहुतेक ठिकाणी हा विषय एका मॉड्यूलमध्ये उरकतात. इथे तो पूर्ण सेमिस्टरचा आहे आणि तत्त्वज्ञान विभागातले प्राध्यापक व एक नर्स प्रॅक्टिशनर मिळून शिकवतात. लिबरल आर्ट्स कॉलेजचा खरा फायदा इथे दिसतो, कारण तत्त्वज्ञानाचे लोक त्याच आवारात बसतात. अमेरिकेतल्या बिशपांनी कॅथलिक हॉस्पिटलांसाठी नैतिक व धार्मिक निर्देश काढलेले आहेत. ते आम्ही कलमवार वाचले. मध्ययुगीन कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांचा विचारही वाचला: एका कृतीचे दोन परिणाम होत असतील, एक हवा असलेला आणि एक नको असलेला, तर ती कधी योग्य ठरते? ६१व्या निर्देशाचा पाया हाच आहे. वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला, तरी मृत्यू लवकर आणण्याचा हेतू नसेल तर ते देता येतं.

५८वा निर्देश अन्नपाण्याबद्दल आहे. शुद्धीवर येण्याची आशा नसलेल्या रुग्णालाही नळीने अन्न-पाणी देत राहणं हे तत्त्वतः कर्तव्य आहे, त्याचा उपयोग उरला नाही किंवा रुग्णाला त्याचा फारच त्रास होऊ लागला तरच अपवाद, असा त्याचा आशय. वर्गात अमेरिकन उदाहरणं आली: बेशुद्धीतल्या कॅरन अ‍ॅन क्विन्लनचा व्हेंटिलेटर काढण्याबद्दलचा १९७६ मधला निकाल, मग टेरी शायवोची अन्ननळी काढण्यावरून झालेला वाद. मी अरुणा शानभाग यांची केस मांडली. मुंबईच्या केईएममध्ये नर्स असलेल्या अरुणांवर १९७३ मध्ये तिथेच हल्ला झाला, आणि त्या २०१५ पर्यंत त्याच हॉस्पिटलात, जवळजवळ पूर्ण बेशुद्धीत जगल्या. चार दशकं त्यांचं सगळं केईएमच्या नर्सनी केलं, पिढ्या बदलल्या तरी. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अन्न थांबवण्याची एका लेखिकेने केलेली मागणी फेटाळली. तोच निकाल भारतात निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याची, वाट उघडणाराही ठरला. न्यायालयाने असंही म्हटलं की अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क अर्ज करणाऱ्या लेखिकेचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे.

वर्ग गप्प झाला आणि मग दोन तास वाद चालला. रक्ताचं नातं नसताना शुश्रूषा करणारीच जवळची ठरते, हे अमेरिकन वर्गमैत्रिणींना नवीन होतं. एकीने विचारलं, त्या नर्सच्या मायेमुळेच अरुणांचा त्रास लांबला नसेल का? या प्रश्नाने माझे डोळे भरून आले, कारण मुंबईत शिकताना आम्ही केईएमच्या त्या नर्सबद्दल केवळ अभिमानाने बोलत असू. हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नव्हता. ५८वा निर्देश मला आजही पूर्ण पटत नाही. तसं मी पेपरात लिहिलं, आणि माझा युक्तिवाद जिथे ढिला होता तिथे तो कसून मांडायला प्राध्यापकांनी मदत केली. संस्थेच्या श्रद्धेच्या विरुद्ध लिहिलं म्हणून गुण कमी झाले नाहीत.

याचा उपयोग फ्लोअरवर रोज होतो. शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णाला मॉर्फिन द्यायला नवी नर्स बिचकते, तेव्हा तिला काय सांगायचं ते मला नेमकं माहीत असतं. ‘व्हेंटिलेटर नको म्हटलं तर आम्हीच बाबांना मारलं असं होईल का?’ असं विचारणाऱ्या मुलाजवळ बसून मी आता न अडखळता बोलू शकते. फार्माकॉलॉजी कुठूनही शिकता आली असती. हे मी इथेच शिकले.

घरच्यांना पडणारा प्रश्न: धर्माचा दबाव आहे का? नाही. वर्गात भिंतीवर क्रूस आहे, काही कार्यक्रम प्रार्थनेने सुरू होतात, आणि क्लिनिकलला जाण्याआधी विद्यार्थ्यांच्या हातांना आशीर्वाद देण्याचा छोटा विधी होतो. तो ऐच्छिक आहे. मी गेले होते आणि मला तो मनापासून आवडला. माझ्या तुकडीत मुस्लिम आहेत, कोणताच धर्म न मानणाऱ्याही आहेत. पदव्युत्तर पातळीवर धर्मशास्त्राचा सक्तीचा पेपर आमच्याकडे नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहा. कॅथलिक हॉस्पिटलं गर्भनिरोधनाचा पुरस्कार करू शकत नाहीत, असं हेच निर्देश सांगतात. वर्गात गर्भनिरोधक औषधं आम्हाला व्यवस्थित शिकवली, कारण ती राष्ट्रीय परीक्षेत असतात. पण स्त्रीआरोग्याचे क्लिनिकल तास कॅथलिक आरोग्यसंस्थेत झाले तर हाताने शिकायचं बरंच राहून जातं. मी आग्रह धरून हे तास एका सामुदायिक आरोग्य केंद्रात मागून घेतले. तिथे येणाऱ्या बायकांमध्ये स्थलांतरित खूप, विमा नसलेल्याही खूप. तांबी बसवणं, पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी), गरोदरपणातला मधुमेह, सगळं पाहायला मिळालं. तुम्हीही हे प्रवेशाच्या वेळीच बोलून घ्या.

क्लिनिकलच्या जागांचा प्रश्न याहून मोठा आहे. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनुसार नर्स प्रॅक्टिशनरच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास लागतात. आधी ५०० होते. हे तास प्रिसेप्टरच्या, म्हणजे आपल्या क्लिनिकमध्ये विद्यार्थ्याला शिकवणाऱ्या अनुभवी नर्स प्रॅक्टिशनरच्या किंवा डॉक्टरच्या, हाताखाली करायचे, आणि प्रिसेप्टर मिळणं आज अमेरिकेत सगळीकडे कठीण झालं आहे. कॉलेजचं समन्वय कार्यालय मदत करतं, पण तिथे माणसं कमी. माझी एक ठरलेली जागा सेमिस्टर सुरू होण्याच्या तोंडावर रद्द झाली, कारण त्या क्लिनिकमधली प्रिसेप्टर नोकरी सोडून गेली. पर्यायी जागा शोधायला मीच दारोदार ईमेल केले, रात्रपाळी संपवून सकाळी क्लिनिकमध्ये जाऊन बायोडेटा दिले. ज्या बायका मुलं सांभाळून शिकतात त्यांनी हे कसं करायचं? लाखो रुपये फी घेणाऱ्या संस्थेने ही जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घेतलीच पाहिजे. प्रवेश घेण्याआधी लेखी विचारा: गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांना जागा कॉलेजने दिली आणि किती जणांनी स्वतः शोधली? उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे जा.

आता पैसे. खाजगी कॉलेज असल्याने दर क्रेडिटमागची (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याचं एकक) फी सरकारी विद्यापीठापेक्षा जास्त आहे. लॅबची फी, विमा, पोलीस पडताळणी, बोटांचे ठसे, लसी यांचा खर्च वेगळा. माझं हॉस्पिटल फीचा काही भाग भरतं. अशा मदतीतले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असतात, म्हणून अभ्यास जास्त वर्षांत वाटून घेतला तर फायदा होतो. कर्जावर विसंबणाऱ्यांनी नवे नियम नीट वाचावेत. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज बंद केलं आहे. या शिक्षणाला ही झळ थेट बसणार. प्राथमिक आरोग्यसेवेसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागणाऱ्या देशात नर्सच्या उच्च शिक्षणाची वाट अरुंद करणं मला अन्यायाचं वाटतं.

पदवीनंतर काय, हेही राज्यावर ठरतं. पेनसिल्व्हेनियात नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरशी लेखी सहकार्य करार करावा लागतो. शेजारच्या मेरीलँडमध्ये असा कायमचा करार लागत नाही. तुम्ही पुढे कुठे राहणार, हे आधी ठरवा आणि मग कॉलेज निवडा.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) केलेल्यांसाठी एक गोष्ट: तो डिप्लोमा इथे पदवी म्हणून धरला जात नाही, त्यामुळे आधी बीएसएन, म्हणजे इथली नर्सिंगची पदवी, पूर्ण करावं लागतं किंवा दोन्ही जोडून असलेला कोर्स शोधावा लागतो. बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांचं काम सोपं आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्ट (विषयवार गुणांचे अधिकृत उतारे) आणि त्यांचं मूल्यांकन यांना वेळ लागतो. प्रवेशाची मुदत पाहण्याआधीच तो अर्ज टाका, आणि तुमच्या नर्सिंग कॉलेजमधल्या ऑफिसात कुणी ओळखीचं असेल तर त्यांना फोन करून ठेवा.