पायथनची स्टँडर्ड लायब्ररी किती येते? स्वतःच घ्यायची चाचणी, काही महिन्यांच्या वापरानंतर

स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे पायथनसोबतच येणारी तयार मॉड्यूल्स (कोडचे संच). ती किती येतात हे तपासायला तयार प्रश्नमंजुषांपेक्षा ही पद्धत कितीतरी सरस आहे. पायथन ३.१० पासून 'सिस' मॉड्यूलमध्ये 'स्टडलिब_मॉड्यूल_नेम्स' हा लायब्ररीतल्या मॉड्यूल्सच्या नावांचा संच (सेट) मिळतो. अंडरस्कोरने सुरू होणारी नावं गाळायची, उरलेली 'सॉर्टेड'मधून काढून त्यांची लिस्ट करायची आणि 'रँडम.सॅम्पल'ने रोज पाच उचलायची. सॉर्टेड टाळू नका, ३.११ पासून सॅम्पलला थेट संच दिला की टाइपएरर येतो.

कागदावर आधी लिहायचं, इंटरप्रिटर (कोड लगेच चालवून पाहायची सोय) मग उघडायचा. मॉड्यूलचं काम, दोन फंक्शन्स, एखाद्या आर्ग्युमेंटची डिफॉल्ट व्हॅल्यू आणि एका छोट्या उदाहरणाचं अपेक्षित आउटपुट. खरा कस लागतो तो आउटपुट सांगताना. नावं तोंडपाठ असलेल्यांचीही इथे दांडी उडते.

उदाहरणार्थ, कालावधी मांडणाऱ्या 'टाइमडेल्टा'ला वजा एक सेकंद दिला तर '.सेकंड्स' किती? उत्तर ८६३९९, कारण दिवस उणे एक धरून बाकी सेकंद धन ठेवले जातात. एकूण कालावधी हवा असेल तर 'टोटल_सेकंड्स'च वापरायला हवं. 'राउंड(२.५)' दोन देतं, कारण बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे जाते. 'आयटरटूल्स.ग्रुपबाय' फक्त लागोपाठच्या सारख्या घटकांचे गट करतं, म्हणून आधी त्याच कीवर सॉर्ट करावं लागतं. शिवाय सगळे गट आधी लिस्टमध्ये भरून नंतर उघडले तर रिकामे निघतात, कारण आतला इटरेटर (घटक एकेक करून देणारी वस्तू) सगळ्यांचा एकच असतो. हे ज्याला न चालवता सांगता येतं, त्याला ग्रुपबाय येतं असं खुशाल म्हणावं.

बाहेरची कमांड चालवणाऱ्या 'सबप्रोसेस.रन'वरचा प्रश्न तर प्रत्येकाने सोडवावाच. त्याचं 'चेक' आर्ग्युमेंट मुळात फॉल्स असतं, त्यामुळे कमांड फसली तरी स्क्रिप्ट निमूट पुढे जाते.

उणिवाही आहेत. संचात मुख्य नावंच असतात. 'कॉन्करंट' येतं, त्यातलं 'फ्यूचर्स' येत नाही, 'ओएस.पाथ'ही नाही. ती हाताने घाला. यादी सगळ्या प्लॅटफॉर्मसाठी एकच असल्याने लिनक्सवरही फक्त विंडोजचं 'विनरेग' निघतं आणि इम्पोर्ट होत नाही. टॅबची ऑटोकम्प्लीट सोय उत्तरं फोडते, म्हणून कागद हवाच. 'असिंकआयओ'सारख्या (अनेक कामं एकत्र हाताळण्याच्या) विषयाला मात्र ही चाचणी पुरत नाही, त्याला छोटा प्रोग्रॅमच लिहावा लागतो.

नुसत्या नावावरून विचारत राहिलं तर कामाच्या वेळी मॉड्यूल सुचत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा प्रश्न उलटा करा: गुणांवरून श्रेणी लावायची (बायसेक्ट), लाखो नोंदींतून सर्वांत मोठ्या दहा काढायच्या (हीपक्यूचं एनलार्जेस्ट), चुकीच्या स्पेलिंगला जवळचा शब्द शोधायचा (डिफलिबचं गेट_क्लोज_मॅचेस, कटऑफ मुळात ०.६).

कामावर जी आवृत्ती आहे तिच्यावरच चाचणी घ्या. ३.१३ मधून 'सीजीआय', 'टेलनेटलिब' धरून १९ जुनी मॉड्यूल्स एका फटक्यात काढली गेली.