मागची लाइट सारखी जाते? साधा बल्ब की एलईडी

बाइकच्या टेललाइटचा बल्ब दर दोन-तीन महिन्यांनी जातो म्हणून एलईडी टाकायचा विचार असेल, तर आधी फॉल्ट कुठे आहे ते शोधा. तो दुसरीकडेच असेल तर दोन्हीचे पैसे वाया जातील.

बऱ्याच कम्युटर, म्हणजे रोजच्या ये-जा करण्याच्या बाइकमध्ये मागे 12 व्होल्ट, 21/5 वॅटचा बल्ब असतो. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, 5 वॅटचं टेलसाठी आणि 21 वॅटचं ब्रेकसाठी. टेल लागते पण दोन्ही ब्रेकना लाइट येत नाही, तर बहुधा 21 चं फिलामेंट तुटलंय. हाताच्या ब्रेकला येते, पायाच्या ब्रेकला नाही, तर बल्ब धडधाकट आहे. पॅडलजवळच्या स्विचची स्प्रिंग निसटली आहे का पाहा. ब्रेक दाबताच टेल मंद होत असेल किंवा इंडिकेटर मिणमिणत असेल, तर अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीवरून परत जाण्याची जोडणी, खराब आहे. होल्डर पॉलिश पेपरने घासा, अर्थचा बोल्ट साफ करून आवळा. आणि नवे बल्ब पटापट उडत असतील, तर इंजिन रेस करून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. 15 व्होल्टच्या वर आकडा गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) बदलल्याशिवाय दुसरं काही करू नका.

हे सगळं ठीक असेल तरच निवडीचा प्रश्न येतो.

साधा बल्ब स्वस्त आणि कुठल्याही गावात मिळणारा. रिफ्लेक्टर आणि लाल काच त्याच्याच हिशेबाने बनलेली असते, त्यामुळे टेल आणि ब्रेकमधला फरक लांबून स्पष्ट कळतो. कमजोरी एकच, खड्ड्यांच्या धक्क्यांनी फिलामेंट तुटतं. बसवताना त्याच्या दोन पिनांची उंची वेगळी असते, ती बघा. उलटा दामटला तर मोठं फिलामेंट कायम पेटतं आणि ब्रेक दाबल्याचं मागच्याला कळतच नाही.

एलईडीला धक्क्यांचं भय कमी, करंटही थोडाच लागतो. मोठा फायदा म्हणजे ती सुमारे 0.2 सेकंद आधी पेटते. ताशी 60 च्या वेगात तेवढ्या वेळात मागची गाडी तीन मीटरहून जास्त पुढे येते, म्हणून हा फायदा मी फार मोठा मानतो. पण तो चांगल्या एलईडीचा. हलक्या मालात टेल आणि ब्रेक जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणजे मूळ कामच होत नाही. लाल एलईडी घेतली तर खालच्या पारदर्शक पट्टीतून नंबरप्लेटवरही लाल उजेड पडतो. तिथे पांढराच हवा. काही जुन्या गाड्यांत टेलची लाइन बॅटरीवरून नाही, तर थेट मॅग्नेटोवरून (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणारा भाग) येते, म्हणजे एसी, सतत दिशा बदलणारा करंट. रेस दिल्यावर टेलचा उजेड कमी-जास्त होत असेल तर तीच शंका घ्या. तिथे एलईडी फडफडते आणि लवकर जाते.

माझं मत सांगतो. जुनी, एसी लाइनची गाडी असेल तर 21/5 चा चांगल्या कंपनीचा साधा बल्ब घ्या आणि एक जादा टूलकिटमध्ये कापडात गुंडाळून ठेवा. लाइन बॅटरीवरची असेल आणि रोज खराब रस्त्यावरून जाणं असेल, तर पांढरी, चांगल्या प्रतीची एलईडी घ्या. दुकानातच बसवून भर उन्हात वीस-पंचवीस पावलं मागे जा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. फरक लगेच दिसला नाही तर ती तिथेच परत करा.